ओटीवरचा अर्ज

तुळशीभोवतीची अकरावी प्रदक्षिणा पुरी करून गोदाबाई बारावीला वळल्या, आणि ओटीवरून नाव ऐकू आलं. उत्तरा. राघोपंतांनीच उच्चारलं ते, आणि तेही कसं, तर कचेरीत पक्षकाराचं नाव पुकारावं तसं, मोठ्यानं, चार घरांना ऐकू जाईल असं. गोदाबाईंच्या हातातला तांब्या हिंदकळला आणि पायावर पाणी सांडलं. पौषातलं पाणी, बर्फासारखं गार. पण ते गार आहे हे कळायलाही त्यांना उशीर लागला. एकोणीस वर्षांत या घरात ते नाव मोठ्यानं कुणी घेतलं नव्हतं. घ्यायचं नाही असं कुणी ठरवलं होतं असंही नाही. आधी सासरे असेपर्यंत त्यांच्या धाकानं राहून गेलं, मग सवय झाली, आणि मग ते नाव जिभेवर आणणं म्हणजे देव्हाऱ्यातला देव उष्ट्या हातानं उचलण्यासारखं वाटायला लागलं. गोदाबाई रोज मनातल्या मनात ते घेत, एकवीस प्रदक्षिणांना एकवीस वेळा, आणि आज बारावं नाव त्यांच्या तोंडी येण्याआधीच ते बाहेरून आलं, दुसऱ्याच्या आवाजात, उघड्यावर. पुढच्या प्रदक्षिणा त्यांनी घातल्या, पण मोजल्या नाहीत. वृंदावनाशी दोन्ही हात टेकून त्या उभ्या राहिल्या आणि ओटीवरचं बोलणं ऐकत राहिल्या.

ओटीवर आळीतले चौघेजण जमले होते, आणि मध्यभागी पत्रक होतं. गुणाजी शिपाई पहाटेच घरोघर टाकून गेला होता. ऑनरेबल त्र्यंबकरावांचं पत्रक. त्र्यंबकराव मुंबईच्या कायदेकौन्सिलात बसत, आणि दर साली संक्रांतीच्या सुमाराला ठाणे जिल्ह्याच्या लोकांसाठी असं एक पत्रक छापून पाठवत. गेल्या साली कोणते कायदे झाले, आपण कशाच्या बाजूनं बोललो, सरकारातून लोकांसाठी काय काय मिळवलं, आणि ते कुणाला कुठं मिळेल. पत्रकाच्या माथ्यावर ‘ठाणे, कल्याण आदिकरून सर्व गावींच्या बंधुजनांस सादर’ असं असे. त्र्यंबकराव एरवी काही परके नव्हते. शिकत असताना ते या घरी सोमवारचे जेवायला येत. गोदाबाईंनी त्यांना चुलीशी बसून वाढलं होतं, तेही नव्यानं नांदायला आलेल्या, डोईवरचा पदर घसरू नये म्हणून सुरुवातीला दातांत धरलेल्या गोदाबाईंनी. भात संपला तरी मागायला लाजणारा तो पोरगेला माणूस आता साहेबलोकांच्या बरोबरीनं खुर्चीवर बसतो आणि कायदे करतो, याचं गोदाबाईंना नवल वाटण्यापेक्षा एक प्रकारची माया वाटे. पत्रक आलं की राघोपंत ते मोठ्यानं वाचत, आणि त्या माजघरात निवडणं-टिपणं करता करता ऐकत. मिठागरांच्या कायद्याचं त्यांना कळत नसे, जंगलखात्याचंही नाही. पण कल्याणच्या धर्मार्थ दवाखान्यात बायकांसाठी निराळी खोली झाली, मुलींच्या शाळेला तिसरी पंतोजीण मिळाली, तळ्याच्या पाण्याला लोखंडी पंप बसला, असं काही आलं की त्यांचे हात क्षणभर थांबत आणि त्या मनात म्हणत, बरं झालं.

आज मात्र पाचवं कलम आलं होतं. “‘देवी टोचण्याविषयींचा जो कायदा कौन्सिलांत पास झाला आहे तो येत्या माघापासून आपल्या शहरास लागू होईल,’” राघोपंत वाचत होते, “‘सहा महिन्यांवरील प्रत्येक मुलास टोचून घेणें हें आईबापांचें कर्तव्य होय. न करील तो दंडास पात्र होईल. तथापि ज्यांस याविषयीं कांहीं म्हणणें असेल त्यांनीं तें लिहून मजकडे द्यावें. मी रथसप्तमीस ठाण्यास येईन. सप्रमाण दाखला असेल तर अंमल तहकूब ठेवण्याविषयीं मी सरकारास विनंती करीन.’” मग एका बाजूनं हसण्याचा आवाज. “कौन्सिलात खुर्ची मिळाली की माणसाला आधी लोकांचे दंड दिसायला लागतात बघा,” कुणीतरी म्हणालं. “आज दंड मागतोय, उद्या डोकं मागेल.” “मागू दे की. तुझं देऊन टाकू, रिकामंच आहे.” हसू पसरलं, आणि त्या हसण्याच्या शेपटाला धरूनच राघोपंत बोलले होते, “सप्रमाण दाखला पाहिजे ना त्याला? दाखला माझ्या घरात आहे. माझी उत्तरा. टोचलं होतं तिला. सरकारी वहीत नोंद आहे. तरी गेली ना? त्र्यंबक तिला ओळखतो. त्याच्या पागोट्याचा शेव ओढून खेळलेली आहे ती. तिचं नाव वाचून नाही म्हणायची त्याची छाती होणार नाही.”  मग शेजारच्या घरचा पंढरीनाथ हळूच म्हणाला, “मग अर्ज लिहाच, राघोपंत. तुमचं अक्षर चांगलं. रविवारी बसू. आम्ही सगळे सह्या करू.”

अर्ज होणार, आणि त्यात उत्तरेचं नाव येणार, हे तिथंच ठरलं.

त्या दिवशी मंगळवार होता, म्हणजे गोदाबाईंचा अळणीचा दिवस. भातावर नुसतं दूध घेऊन त्या जेवायला बसल्या. मंगळवारी मीठ नाही, हे त्यांचं व्रत आळीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कशासाठी म्हणून कुणी विचारलंच तर त्या म्हणत, “शीतलामाईसाठी हो.” बायका हात जोडत. मूल गेलेली बाई, पुन्हा कूस न उजवलेली, तरी देवीवर राग न धरता तिचंच व्रत करते, यापरतं सोशीकपण ते काय. डोहाळजेवणाला, बारशाला, नव्या सुनेची ओटी भरायला गोदाबाईंना आवर्जून बोलावणं असे. त्यांच्या हातचं कुंकू लाभतं असं मानत. आणि गोदाबाई जात, खालच्या आवाजात दोन गोड शब्द बोलत, ओटी भरत आणि परत येत. पण व्रत देवीसाठी नव्हतंच कधी. ते ज्या बाईसाठी होतं तिचं नाव हौसाबाई, आणि ती नौपाड्याची होती, मिठागरात टोपल्या वाहणारी.

तेव्हाचं ठाणं कसं होतं हे आता कुणाला सांगून पटणार नाही. नौपाडा म्हणजे नुसती भातखाचरं, आणि खाचरांच्या पलीकडे खाडीला लागून मिठाचे ढीग, लांबून बघावं तर कुणी पांढरी पातळं वाळत घातल्यासारखे. आगगाडीचं अप्रूप अजून ओसरलं नव्हतं. शिट्टी झाली की आळीतली पोरं धावत सुटत आणि सासरे ओरडत, “अरे पळता काय, ती काही आपल्या घरी येणार नाहीय!” माघातली सकाळ होती. उत्तरा आठवा महिना लागलेली, दात येऊ घातलेले, मुठी चोखून चोखून लाल केलेल्या. उत्तरा नक्षत्रावर झाली म्हणून उत्तरा. कलेक्टरकचेरीत सगळ्या कारकुनांना सांगणं आलं होतं की आपापल्या मुलांना टोचून घेऊन लोकांना उदाहरण घालून द्यावं, आणि राघोपंत नवे नोकर होते, त्यामुळे देवीडॉक्टर त्यांच्या घरी आधी आला. डोक्याला रुमाल, हातात लाकडी पेटी, आणि पाठोपाठ कडेवर मूल घेतलेली हौसाबाई. तेव्हा लस आतासारखी वासरावरून आणत नसत. एका मुलाच्या दंडावर फोड धरला की त्यातलं पाणी काढून दुसऱ्याच्या दंडात घालत, त्याच्यावरून तिसऱ्याच्या. हौसाबाईची पोर चांगली टणक, काळीभोर, डोळ्यांत काजळाच्या दोन रेघा ओढलेली. तिच्या दंडावर चार फोड टपटपीत आले होते, मोत्यासारखे, कडेनं लाल. गोदाबाईंनी दाराच्या फटीतून ते पाहिले होते.

सून म्हणून ओटीवर जायची रीत नव्हती. उंबऱ्याच्या आतून त्यांनी उत्तरेला दिलं आणि राघोपंतांनी तिला घेतलं, कसंतरी, एखादं दप्तर घ्यावं तसं, कारण वडलांदेखत आपलं मूल हातात घ्यायची त्यांनाही लाज. मग उत्तरेचं रडणं. ते रडणं गोदाबाई अजून कधीकधी ऐकत, आणि तेव्हा त्यांना वाटे की ते टोचल्याचं रडणं नव्हतंच, आई दाराआड का उभी आहे याचं ते रडणं होतं. डॉक्टर राघोपंतांशी काहीतरी बोलत राहिला, वहीत लिहीत राहिला. त्याच वेळी हौसाबाई पायरी चढून थेट उंबऱ्याशी आली. अंगाला खाऱ्या चिखलाचा आणि घामाचा वास. उत्तरेला तिनं आपल्या दुसऱ्या कडेवर घेतलं होतं. दोन कडांवर दोन पोरी, एक रडतेय, दुसरी टकामका बघतेय. उत्तरेला गोदाबाईंच्या हातात देताना ती दात दाखवून हसली. “रडू नको गो बाय. माजे पोरीचा गून आता तुजे अंगान गेलाय. दोगी भयनी झाल्या आता, नाय का ओ?” आणि तिनं आपल्या पोरीचा हात धरून उत्तरेच्या गालाला लावला.

एवढंच. त्यात तिचं काय चुकलं होतं? गोदाबाई एकोणीस वर्षं ते उलगडून बघत होत्या, आणि दरवेळी त्यांना तिथं माया सोडून दुसरं काही सापडत नव्हतं. पण तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. पहाटे उठून सोवळ्यानं पाणी भरायचं, शिवाशिवीचा विटाळ होऊ नये म्हणून पातळाचा घोळ मुठीत आवळून चालायचं, हेच त्यांना माहेरी कल्याणला शिकवलं होतं आणि सासरी त्यात आणखी भर पडली होती. भयनी झाल्या. त्या परक्या अंगातलं पाणी आपल्या मुलीच्या रक्तात.  मंडळी गेली, राघोपंत कचेरीला गेले, सासरे तळ्यावरच्या कौपीनेश्वराला गेले. घर रिकामं झालं तशा त्या उठल्या, गोठ्यातून पितळेच्या वाटीत गोमूत्र आणलं, आणि उत्तरेचा दंड धुतला. एकदा, दोनदा, तीनदा. वर राख चोळली आणि पुन्हा धुतला. चार बारीक ओरखडे होते तिथं, त्यांतून थोडं रक्त आलं, तेही पुसून काढलं. पोर रडली नाही. उलट गोमूत्राच्या उबेनं तिला बरं वाटलं असावं, ती हसली आणि वाटी धरायला पुढं झाली. गोदाबाईंना तेव्हा इतकं हलकं वाटलं होतं! जणू अरिष्ट टळलं. त्या संध्याकाळी त्यांनी देवापुढं तुपाची निरांजनं लावली होती.

“तो देवीडॉक्टर आठव्या दिवशी परत येणार आहे म्हणे बघायला,” असं राघोपंत रात्री बोलता बोलता म्हणाले, आणि गोदाबाईंनी भावाला निरोप धाडला. सातव्या दिवशी भाऊ मचव्यानं आला. गाडी होती, पण खाडीनं जायची हौस त्यालाच दांडगी. भरतीबरोबर मचवा कल्याणकडे निघाला, दोन्ही बाजूंना तिवरं, मधूनच बगळ्यांचा थवा, आणि उत्तरा पाण्याकडे हात करून आऽऽ आऽऽ करत होती. दुर्गाडीचा बुरूज दिसायला लागला तसा भाऊ म्हणाला, “ही बघ, माझी भाची किल्ला जिंकायला निघालीय.” ऊन कोवळं होतं. गोदाबाईंनी तिचं झबलं वर सारून दंड उन्हाला धरला. गुळगुळीत. एक फोड नाही, डाग नाही. किती सुंदर दंड होता तो! आपल्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस कोणता असं कुणी विचारलं असतं तर त्यांना हाच आठवला असता, आणि तोच आठवायला त्यांना सगळ्यात भीती वाटे. पारनाक्यावरच्या माहेरच्या घरी त्या महिनाभर राहिल्या. परत आल्या तेव्हा देवीडॉक्टर भिवंडीकडे गेला होता. त्याच्या वहीत ‘टोचले’ असं होतं, आणि तेच कायम राहिलं.

दोन वर्षांनी चैत्रात देवी आल्या. तेव्हा कुणी रोग म्हणत नसे. आई आली म्हणत. घरात फोडणी बंद, केस विंचरणं बंद, दाराला कडुलिंब, आणि रडायचं नाही, कारण आई पाहुणी आलीय, तिच्यापुढं रडायचं कसं? तेवढी पावणेतीन वर्षांची पोर, बोलायला भारी गोड लागलेली, “आई, माझ्या अंगावर कोण बसलंय?” असं विचारायची. अकराव्या दिवशी विचारायची थांबली. आणि मग आळीतून ते वाक्य फिरलं, आधी हळहळीनं, मग धडा म्हणून, मग नुसतंच सवयीनं. राघोपंतांच्या मुलीला टोचलं होतं, तरी आल्याच. त्या वाक्यावर आळी एकोणीस वर्षं विसंबून राहिली. पुढच्या साली देवीडॉक्टर आला तर चौदा घरांतून दोन मुलं मिळाली. त्याच्या पुढच्या साली एकही नाही. किती मुलं गेली त्यानंतर? गोदाबाईंनी मोजली नव्हती असं नाही. मोजायचं नाही म्हटलं तरी बारसं आठवलं की त्या बाळाचं तोंड आठवायचं. चार. एकाच्या आईची ओटी त्यांनीच भरली होती.

आणि हौसाबाईची पोर जगली. रखमा तिचं नाव. आता ती स्वतःच मिठाची पाटी घेऊन जांभळी नाक्याच्या बाजाराला बसे, तोंडात पानाचा तोबरा, पोलक्याच्या बाहीखाली दंडावर चार गोल वण, चांदीच्या चवल्यांसारखे. मीठ घ्यायला गोदाबाई तिच्याकडेच जात. “ताजं हाय, काकी, कालच काढलंय,” ती म्हणे, आणि पसाभर जास्तच घाली. ती ओळखत नव्हती. ओळखायचं कारणही नव्हतं.

शनिवारी शेजारच्या आवडाबाई आपल्या सुनेला घेऊन तिळगूळ द्यायला आल्या. सून ठमा, पंढरीनाथाची बायको, टिटवाळ्याकडची, जेमतेम सतरा वर्षांची. कडेवर सात महिन्यांचा मुलगा. आवडाबाई बोलायला लागल्या की त्यांना खंड नसे. “ऐकलंस का गो गोदा, उथळसराला दोन घरी देवी आल्यात म्हणे. आता ते मेले येतील पेट्या घेऊन. बरं झालं तुझ्या घरचा अर्ज चाललाय. आमचा पंढरी तर म्हणतो, आई, आपला बाळ काही त्यांच्या हाती द्यायचा नाही. आणि ही आमची शहाणी! हिच्या माहेरी टोचून घेतात. बघ बघ, दाखव गो तुझा दंड.” ठमा लाजली. दंड दाखवला नाही. सासू देवघरात तीर्थ घ्यायला वळली तशी मात्र ती गोदाबाईंजवळ सरकली आणि अगदी हळू म्हणाली, “काकू, एक विचारू? रागवायचं नाही. तुमच्या मुलीला खरंच टोचलं होतं का हो?” गोदाबाईंनी बाळाच्या तोंडाकडे पाहिलं. त्याच्या ओठावर तिळाचा एक दाणा चिकटला होता. तो त्यांनी बोटानं काढला. “हो,” त्या म्हणाल्या. “टोचलं होतं.” ठमाचा चेहरा पडला. “मग झालंच,” ती म्हणाली, “मला वाटलं होतं…” आणि काय वाटलं होतं ते तिनं सांगितलं नाही. खोटं तर काही बोलले नाही, असं गोदाबाई दिवसभर स्वतःला सांगत राहिल्या. जपाला बसल्या तर माळेचे मणी बोटांना गोल लागायला लागले, टपटपीत, फोडांसारखे, आणि त्यांनी माळ खाली ठेवली. सांगायला कुणाला आणि कसं जायचं? ज्या माणसानं एकोणीस वर्षांत एकदाही ‘असं का झालं’ म्हणून विचारलं नाही, जो नुसता दरवर्षी चैत्रात चार दिवस कमी जेवतो, त्याला? त्याच्याशी तर आपण ‘पाणी तापलंय’ आणि ‘पान वाढलंय’ यापलीकडे कधी बोललोच नाही.

रविवारी तिसऱ्या प्रहरी ओटी भरली. आळीतले नऊ-दहा बाप्ये, मधे राघोपंतांचं मेज, दौत, तासून ठेवलेले बोरू. माजघरात आवडाबाई, ठमा, आणखी दोघी-तिघी, दाराला पाठ लावून. गोदाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या. राघोपंत मसुदा वाचत होते, “‘…अर्जदार आपल्या स्वतःच्या अनुभवानें सांगतो कीं, त्याची कन्या उत्तरा इजला सरकारी मनुष्याचे हातें देवी टोचविल्या असतांही…’ हे बरोबर आहे ना?” “झकास!” पंढरीनाथ म्हणाला. “‘टोचविल्या असतांही’ हे फार ठसठशीत झालं.” “आता एक तपशील पाहिजे,” राघोपंत म्हणाले. “टोचल्यापासून किती महिन्यांनी. ऑनरेबल वकील आहे, विचारेल.” आणि मग त्यांनी मान न वळवता माजघराकडे आवाज टाकला, “अगं, ऐकलंस का? टोचल्याला किती महिने झाले होते?”

बारा महिने दोन वेळा आणि दोन महिने. आकडा जिभेवर होता. तेवढाच द्यायचा होता. बाहेर बोरू दौतीत बुडाल्याचा आवाज आला. गोदाबाईंना वाटलं की आपण आता जो आकडा सांगू तो कागदावर उतरेल, कागद मुंबईला जाईल, छापला जाईल, आणि मग उत्तरा कायमची टोचलेली राहील. कुणाच्याही मुलाच्या आड उभी राहायला. आई दाराआड, आणि ती बाहेर, रडत. “तिला टोचलं होतं,” त्या म्हणाल्या, “पण मी धुऊन टाकलं.”

आवाज मुळातच खालचा. ओटीपर्यंत पोचला नाही. फक्त माजघरातल्या बायकांनी ऐकलं, आणि आवडाबाईंनी चटकन मान वर केली. “काय म्हणालीस?” राघोपंत म्हणाले. “जरा मोठ्यानं.” म्हणजे पुन्हा बोलायचं होतं. पहिल्यांदा तोंडातून निसटलं होतं. आता ते उचलून, परत धरून, दहा बाप्यांच्या समोर टाकायचं होतं. गोदाबाईंनी चौकट घट्ट धरली. “मी धुतलं होतं,” त्या म्हणाल्या, आणि आपलाच आवाज त्यांना परक्या बाईसारखा वाटला. “तुम्ही कचेरीला गेल्यावर. गोमूत्रानं धुतलं. तीनदा. तिच्या अंगात लस राहिलीच नाही. वहीत आहे ते खोटं आहे. तिचं नाव घालू नका त्यात.”

ओटीवर मग कुणाची तरी वहाण फरशीला घासली. “म्हणजे…” पंढरीनाथ म्हणाला आणि थांबला. एकेकजण उठला. कुणी ‘येतो’ म्हणालं नाही, कुणी राघोपंतांकडे पाहिलं नाही, जसं प्रेत उचलल्यावर मागं बघत नाहीत. आवडाबाई उठल्या, पदर खोचला, आणि गोदाबाईंच्या अगदी तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा एक नातू, थोरल्या मुलाचा, गेला होता, सहा वर्षांपूर्वी, देवीनं गेलेल्या चौघांतला एक. “सहा वर्षं माझ्या घरी येऊन बसलीस तू,” त्या म्हणाल्या. ओरडून नाही. तीर्थाची चव सांगावी तसं. “माझ्या हातचा तिळगूळ घेतलास.” आणि त्या गेल्या. इतर बायकाही गेल्या. राहिली फक्त ठमा, भिंतीला टेकून, मूल छातीशी धरून, आणि बाहेर राघोपंत, मेजापुढं, ओल्या शाईवर वाळू टाकायची राहिलेल्या कागदासमोर.

गोदाबाईंना वाटत होतं की आता रडू येईल. आलं नाही. त्याऐवजी फार पूर्वीचं काहीतरी आठवत होतं, उगीचच. मचव्याच्या कडेला लागून पाणी कसं चुबुक-चुबुक वाजत होतं, भावानं ओंजळीनं उत्तरेच्या पायावर पाणी घातलं होतं, आणि ती किंचाळून हसली होती. ठमा पुढं आली. तिचा दंड बाळाच्या पाठीखाली होता, बाही वर गेलेली, आणि तिथं चार वण होते, फिकट, जुने. “काकू,” ती म्हणाली. प्रश्न अगदी साधा होता, एखादी भाजी किती शिजवायची म्हणून विचारावं तसा. “मग किती दिवस धुवायचं नाही?”

गोदाबाईंनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की हे त्यांना ठाऊक नाही. एकोणीस वर्षांत हे त्यांनी कुणाला विचारलंच नव्हतं. “आठ दिवस,” राघोपंत ओटीवरून म्हणाले.

ते मागं वळले नव्हते. पाठ तशीच, कचेरीच्या सवयीनं थोडी वाकलेली. “आठ दिवस पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. घरातल्या बायकांना नीट सांगा, असं देवीडॉक्टरनं मला बजावलं होतं. इथंच, या पायरीवर. दोनदा सांगितलं.”  बोरू त्यांनी उचलला आणि परत ठेवला. “मी पागोटं बांधत होतो. बाबा समोर होते. आत येऊन तुझ्याशी बोलायचं म्हणजे… आणि उशीर होत होता मला. म्हटलं, संध्याकाळी सांगीन. मग संध्याकाळी तो परत येणार एवढंच सांगितलं, आणि हे राहिलं. ती आजारी पडली तेव्हा आठवलं मला. तेव्हा म्हटलं, तुला आपसूकच ठाऊक असेल.”

गोदाबाई चौकटीपाशी तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी उंबरा ओलांडला. या घरात येऊन चोवीस वर्षं झाली होती, आणि दिवसाउजेडी, दार सताड उघडं असताना, ओटीवर नवऱ्याशेजारी त्या पहिल्यांदाच उभ्या राहिल्या होत्या. समोरच्या घराच्या दारात कुणीतरी बघत होतं. त्यांनी पदर सारखा केला नाही.

“तुम्ही सांगितलं असतंत,” त्या म्हणाल्या, “तरी मी धुतलं असतं.”

हे खरं होतं, की त्या वाकलेल्या पाठीवरचं ओझं थोडं कमी व्हावं म्हणून त्या बोलल्या, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.